दिवेलागणीचा प्रश्न

परिचारिका वसतिगृह
४ मार्च २००७

जया,

तू म्हणशील, फोन करायचा सोडून ही कागद काळे करत बसली. पण इथला फोन रेक्टरबाईंच्या टेबलावर आहे आणि बाई कानात तेल घालून ऐकतात. तिकडे तुमच्या बीबी गावच्या स्टँडवरच्या बूथवर तुझ्या मागे चार माणसं उभी. त्यापेक्षा पोस्टमन बरा, तो निदान वाचत नाही.

पाच महिने झाले मला इथं येऊन. खामगावला नर्सिंग करताना तीन वर्षं आपण एका खोलीत काढली, तुझ्या घोरण्याला मी रोज शिव्या घातल्या. तुझ्या लग्नानंतर मी घरून नोकरी केली, आणि आता इथल्या परक्या खोलीत त्या घोरण्यावाचून झोप येत नाही. मनोरुग्णांच्या नर्सिंगचा हा वर्षाचा कोर्स मी हट्टानं घेतला, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू? मेसमधल्या मुली वाईट नाहीत, पण आपापल्या गावच्या घोळक्यात जेवतात. मी ताट घेऊन खिडकीपाशी बसते. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की दिवसभरात ड्युटी सोडून मी कुणाशी बोललेच नाही.

पिंपळगावात अब्बांना लोक विचारतात, "रहेमतुल्लाभाई, बेटी किधर है?" अब्बा सांगतात, "बडे दवाखाने में." कसला दवाखाना ते सांगत नाहीत. गाद्या भरायला गावोगाव फिरणारा पिंजारी माणूस, दहा घरी गप्पा मारतो, पण एवढं एक वाक्य गिळतो. मला त्याचं वाईट वाटतं.

खामगावच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, दसऱ्यापर्यंत. तिकडे यायचं की कोर्स झाल्यावर इथंच वॉर्डात राहायचं, ते मला ठरवायचं आहे. सकाळी वाटतं, हेच आपलं काम. संध्याकाळी वाटतं, मिळेल ती गाडी पकडावी आणि पळावं.

माझ्या वॉर्डात एक झुंबरबाई आहेत, खामगावकडच्याच. मालकांनी जीव दिला तेव्हापासून तोंड मिटलंय. दिवसभर गादीची शिवण उसवून कापूस काढतात आणि पदराच्या ओटीत टाकतात. सगळ्यांना ती नासधूस वाटते. मी पाहते तर दोन्ही हात वेचणीसारखे चालतात. बाई वावरात आहेत, आणि एकट्याच आहेत.

तू काय म्हणतेस ते लिही. गोड बोलू नकोस, ते तुला जमतही नाही.

तुझी
मुबीना


बीबी
१९ मार्च

मुबी,

घोरत तू होतीस. हा विषय इथं संपला.

ठरत नाही म्हणजे काय गं? बाळंतपणाच्या वॉर्डात पेढे मिळतात. वेड बरं झालं म्हणून कुणी पेढे वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट तिथं होतो हेच माणसं जन्मभर लपवतात, आणि तुझ्या अब्बांनी तर आत्ताच सुरुवात केली आहे. उद्या तुझ्या लग्नाचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न हाच येणार. खामगावला ये. माझ्यापासून दोन बस बदलल्या की तू. महिन्यातून एकदा तरी भेटू, जेवायला तरी कुणी समोर असेल तुझ्या.

इकडे सगळं झक्कास. ह्यांनी यंदा सगळं वावर बीटी कपाशीखाली घ्यायचं ठरवलं आहे. म्हटलं, थोडी ज्वारी राहू द्या. ऐकतात कुठं! जेवताना बियाण्याच्या पुड्यांवरची बोंडं मला दाखवत बसतात. सासू-सासरे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्या बोंडांचं कौतुक मलाच करावं लागतं.

माझ्या लग्नात तू विचारलं होतंस, देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर काय टांगलंय. आठवतं? बैलांच्या घुंगरमाळा. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेल्या. परवा जाळं काढताना मी एक खाली उतरवली तर ह्यांनी हातातून काढून घेतली. पोळा आला की हे स्वतः चिंच लावून घासत बसतात. शेजारचा कडूबा दर पोळ्याला एक दिवसापुरत्या मागतो आणि दर पोळ्याला नन्नाचा पाढा ऐकून जातो. अशी ही माणसं. बायकोपेक्षा बैलांचे दागिने जपतात.

झुंबरबाईंचं वाचून जीव कसातरी झाला. असलं रोज बघून तुझंच डोकं फिरेल, म्हणून सांगते.

जया


वसतिगृह
१० जून

जया,

आज मी इतकी खूश आहे की मेसमध्ये एका मुलीनं विचारलं, कुणाचा फोन आला होता का. फोन कुणाचा येणार? झुंबरबाई बोलल्या.

त्याचं असं झालं. मी अब्बांना सांगून सरकीसकट कापूस मागवला. अब्बांनी शेगाव स्टेशनवर एका ओळखीच्या माणसाच्या हाती पिशवी दिली. ट्यूटर मॅडमची परवानगी काढली आणि रोज दुपारी झुंबरबाईंजवळ बसून सरकी निवडायला लागले. काही बोलायचं नाही, नुसतं निवडायचं. बरेच दिवस गेले. एक दिवस त्या माझ्या हाताकडे पाहत म्हणाल्या, "पिंजाऱ्याची हायेस का तू?"

म्हटलं, "हो."

"म्हनूनच. कापूस दाबून नाही धरत तू."

तेवढंच. पण त्या दिवसापासून रोज थोडं बोलतात. गेल्या आठवड्यापासून तर जेवतात, झोपतात, केस विंचरतात. भावानं आणलेलं नवं लुगडं त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या बाईंना देऊन टाकलं. काल स्वतःची फणी माझ्या हातात दिली. "मले काय करायची आता? राहू दे तुले." आपल्याकडे नवस फिटला की माणूस वाटून मोकळं होतं, तसा चेहरा होता त्यांचा. मी फणी घेतली आणि त्यांचा हात धरून बसले.

तुझे पेढे तुला लखलाभ. मी बहुतेक इथंच राहणार.

मुबीना


वसतिगृह
२१ जून

जया,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहिते.

झुंबरबाई वाचल्या, हे आधी सांगते. परवा दुपारी त्यांनी न्हाणीघरात जीव द्यायचा प्रयत्न केला. आयाबाईंना संशय आला, त्यांनी दार ढकललं, म्हणून वाचल्या.

ट्यूटर मॅडमनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. विचारलं, "फणी दिली तेव्हा तू काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "आपली वस्तू वाटायला लागलेला, एकाएकी शांत झालेला माणूस. मुबीना, तुला शिकवलं होतं ना? अशा वेळी सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असतो तो बाहेर येतो."

शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही घेतलेत. आणि खरं सांगू? तो प्रश्न माझ्या मनात आला होता, फणी हातात घेताना. तोंडातून निघाला नाही. लहानपणापासून अम्मी सांगत आली, मुँह से खैर निकाल, तोंडातून चांगलंच काढ. तुमच्याकडे तिन्हीसांजेला वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. आपण दोघी असल्याच घरांत वाढलो. मला वाटलं, मी बोलले आणि तसंच झालं तर?

ज्याला हा एक प्रश्न विचारता येत नाही त्यानं इथं राहू नये. मी खामगावला येते. डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं आहे. फणी परत द्यायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मुबीना


बीबी
१२ ऑगस्ट

मुबी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. तू खामगावला येतेस हे फार बरं केलंस. झुंबरबाईंचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तू काय देव आहेस का?

मध्ये लिहायला मन नव्हतं, कारण इकडे जरा वाईट दिवस गेले. आता सांगायला हरकत नाही. बीटीला बोंडअळी लागत नाही म्हणून सगळं वावर लावलं, तर हा पांढरा पिठ्या ढेकूण कुठून आला कोण जाणे. झाडं पीठ टाकल्यासारखी दिसायला लागली. हे बोलेनात. जेवण नाही, झोप नाही, ओसरीवर बसून वावराच्या दिशेनं बघायचे. मी दवाखान्यातली ड्युटी संपवून येऊन दोन ताटं वाढायची आणि एकटीनं जेवायचं. भिंतीशी बोलावं तसं मी ह्यांच्याशी बोलायची.

पण गजानन महाराजांनी ऐकलं. मागच्या गुरुवारी हे एकटेच शेगावला दर्शनाला गेले आणि आले ते बदलूनच. तंबाखू सोडली. पोटभर जेवतात. कपाशीचं नाव काढत नाहीत. परवा तर कमाल झाली. कडूबाला स्वतः हाक मारून त्या घुंगरमाळा देऊन टाकल्या. एका दिवसापुरत्या नाही गं, कायमच्या. कडूबा बावचळलाच. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. त्याची लई दिवसाची हौस होती."

काल माझ्या नोकरीचं कौतुक केलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदा. म्हणाले, "तू हुशार हायेस. तुझं एकटीचं कुठं अडणार नाही." मी लाजले बघ, या वयात.

घरात कसं हलकं वाटतंय. पोळ्याला ये.

जया


वसतिगृह
१८ ऑगस्ट

जया,

तुझं पत्र आत्ता मिळालं. रेक्टरबाईंसमोरच तुमच्या स्टँडवरच्या बूथवर फोन लावला, तुला बोलावून घेतलं, तू आलीस आणि "बरं, बरं" म्हणून ठेवून दिलास. मागे माणसं असतील. म्हणून हे स्पीड पोस्टनं पाठवते.

भाऊजींना आजच्या आज विचार. माझ्या मागच्या पत्रातलं झुंबरबाईंचं पुन्हा वाच, आणि तुझं पत्र आठव. पोळा तोंडावर आला असताना कुठला शेतकरी घुंगरमाळा देऊन टाकतो? आणि भाऊजी तर मुळीच नाही. तुझं एकटीचं अडणार नाही, हे कौतुक नाही जया.

घरात फवारणीचं जे औषध असेल ते दुसरीकडे ठेव. त्यांना एकटं सोडू नकोस. आणि जवळ बसून सरळ विचार, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असंच विचार. आडून नको.

मी चुकत असेन तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी चुकत असेन अशी दुआ करते आहे.

मुबीना


बीबी
२४ ऑगस्ट

मुबीना,

शिव्या देत नाही, पण एवढंच लिहिते. वेड्यांमध्ये राहून तुला सगळं जग वेडं दिसायला लागलं आहे. माझा नवरा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवतो, आणि मी त्याच्यासमोर बसून त्याला असलं विचारू? माझ्या घरात? जो प्रश्न तुला परक्या बाईला विचारता आला नाही तो मी माझ्या माणसाला विचारावा, असं तू सांगतेस.

औषधाचा डबा बघितला. जागेवर नाही. संपला असेल. फवारणी झाली आहे.

यापुढे असलं लिहायचं असेल तर लिहू नकोस.

जयमाला


शेगाव स्टेशन
२ सप्टेंबर

जया,

गाडीला वेळ आहे. फलाटावर बाकावर बसून लिहिते.

डबा जागेवर नाही, हे वाचलं आणि मी रजा टाकून निघाले. काल तू दारात मला पाहून "जेवलीस का?" एवढंच म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. तुझं बरोबर होतं. पण तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा गोठ्यात काय बोलणं झालं ते तुला माहीत नाही, आणि तो तुझा हक्क आहे. भाऊजींना सांगितलं होतं की मी जयाला सगळं सांगणार.

ते बैलाची मान खाजवत होते. मी आधी पावसापाण्याचं विचारलं. मग पिठ्याचं. शेवटी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

हात थांबला नाही त्यांचा. बैलाकडेच बघत मान डोलावून म्हणाले, "हाव."

मला वाटलं होतं, छप्पर कोसळेल. काही झालं नाही. बैल मान पुढे करून उभा होता.

मग म्हणाले, "तू काऊन विचारलं?"

"भिंतीवर घुंगरमाळा नाहीत."

ते खाली बसले. म्हणाले, "पोळा झाल्यावर करणार होतो. बैलायचा सण खराब नव्हता करायचा." मग उठले, कडब्याच्या गंजीखाली हात घालून डबा काढला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. म्हणाले, "जयाले नको सांगू."

मी म्हटलं, "सांगणार. तुमच्यासमोरच सांगणार."

पुढचं तू पाहिलंस. तुझ्यासमोर डबा ठेवून मी दोनच वाक्यं बोलले, सगळं काही तेव्हा सांगता आलं नाही. ते तुझ्याबरोबर बुलढाण्याला डॉक्टरकडे जायला तयार झाले, ते माझ्यामुळे नाही. तू त्यांचा सदरा पिशवीत भरायला घेतलास, त्यामुळे.

सकाळी तू मला बसपर्यंत सोडायला आली नाहीस. पिशवीत भाकरी मात्र होत्या. आत्ता खाल्ल्या.

मुबीना


बीबी
२६ ऑक्टोबर

मुबी,

दोन महिने लिहिलं नाही. तुझी चार कार्डं आली, ती सगळी वाचली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. दर पंधरा दिवसांनी जातो. गावात व्हायची ती चर्चा झाली. दवाखान्यात बाया इंजेक्शन घेता घेता विचारतात, "सिस्टर, मालकाचं डोकं बरं हाय का आता?" मी "हो" म्हणते आणि सुई टोचते.

मला राग आला होता. तो तुझ्यावर नव्हता, हे कळायला इतके दिवस लागले. सहा वर्षं मी त्या माणसाला ताट वाढते. मी नर्स आहे. आणि तो "हाव" म्हणाला ते तुला. मी नुसती लाजत बसले होते. हे मला कुणापाशी बोलताही येत नव्हतं. ज्या एका मैत्रिणीपाशी बोलावं तिच्यावरच मी रुसले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कडूबा स्वतः घुंगरमाळा घेऊन आला. खुंटीला अडकवून गेला. हे काही घासायला बसेनात. मग मी चिंच भिजवली आणि घासायला घेतल्या. ह्यांनी हात लावू दिला. नीट घासता येत नव्हतं तर जवळ येऊन दाखवलं.

आता तुला खरं सांगायचं ते. त्या दिवसापासून दिवा लावला की मी ह्यांना तो प्रश्न विचारते. दुसरी वेळच सापडत नाही, दिवसभर मी दवाखान्यात. पहिल्या दिवशी विचारताना आधी दार लोटून घेतलं. वास्तूला म्हटलं, बाई, तू जरा कान झाक. पहिले बरेच दिवस उत्तर एकच होतं, "येते." मी म्हणायची, बरं, आणि तिथंच बसून राहायची. परवा म्हणाले, "आज नाही."

आज नाही, एवढंच. मी त्यावर अख्खा दिवस काढला.

आणि काल विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् तुले?"

मुबी, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायच्या आधीच मी रडायला लागले. कुठून एवढं रडू आलं कुणास ठाऊक. ते नुसते बसून होते, पण उठून गेले नाहीत. किती दिवसांनी त्या घरात आम्ही दोघं होतो.

दसरा होऊन गेला. तू काय ठरवलंस? पेढ्यांचं मी काही म्हणणार नाही. पण एक विचारते. तू सगळ्यांना विचारशील. तुला कोण विचारतं? मग मीच विचारते. मुबीना, तुझ्या मनात येतो का कधी तसा विचार? खरं लिही.

जया


वसतिगृह
३ नोव्हेंबर

जया,

राहिले. डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलं. बायकांच्याच वॉर्डात नेमणूक झाली आहे. मला हे काम नीट येतं म्हणून राहिले असं नाही. तो प्रश्न विचारणं अजून मला जड जातं. पण आता तोंडातून निघतो. झुंबरबाईंना रोज विचारते. पहिले काही दिवस त्यांनी भिंतीकडेच तोंड केलं. परवा फणी मागितली, आणि माझ्याकडून केस विंचरून घेतले.

अब्बांना फोनवर सांगितलं की मी वेड्यांच्या दवाखान्यातच राहणार, लोकांना काय सांगायचं ते सांगा. रेक्टरबाईसुद्धा श्वास रोखून बसल्या होत्या. मग अब्बांनी विचारलं, "वहाँ की गादियाँ कैसी हैं?"

म्हटलं, "गोळे झालेत सगळ्यांचे."

"मैं आता हूँ," म्हणाले. मॅडमनी परवानगी दिली आहे. दिवाळीनंतर येतील, खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन, मोठ्या दरवाजानं. वाटेत कुणी विचारलं तर काय सांगतील ते मी विचारलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चार दिवस पत्र उशाशी ठेवून झोपले, कारण पटकन "नाही" लिहायचं नव्हतं. मरावंसं नाही वाटत, जया. पण सुट्टीच्या दिवशी खोलीत बसले की वाटतं, मी आज बोलले नाही तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. जेवायचं ताट अजून खिडकीपाशीच असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

एवढं लिहून बरं वाटलं. पुढच्या पत्रातही विचार.

मुबीना